उजव्यांची प्रचारसाधने आणि मराठवाडा

उजव्या शक्तींचा प्रचार भ्रमणध्वनीपासून सुरू झाला, ही समजूत भाबडी आहे. ‘ऑर्गनायझर’ १९४७ साली निघाले, ‘पांचजन्य’ १९४८ साली. भारतीय जनता पक्षाचा माहिती-तंत्रज्ञान कक्ष २००७ सालचा. आठ दशके शाखेत माणूस घडविला गेला, मग त्याच्या हाती यंत्र आले. पन्नाप्रमुखाकडे मतदारयादीचे एकच पान असते, पण त्यावरची माणसे त्याला नावानिशी ठाऊक असतात. व्हॉट्सॲपवरचा मजकूर त्या ओळखीच्या आधारानेच घरात शिरतो. (समाजवाद्यांच्या समूहांत बहुधा जयंती-पुण्यतिथीची छायाचित्रे फिरतात!)

तरीही २०२४ च्या जूनमध्ये नांदेड आणि लातूर, दोन्ही लोकसभा जागा त्या पक्षाने गमावल्या. सोयाबीनचा भाव शेतकऱ्याला आडतीवर कळतो. तो कोणत्याही संदेशाने झाकत नाही.

पण नोव्हेंबरात नांदेड जिल्ह्यातील विधानसभेच्या नऊही जागा महायुतीकडे गेल्या, आणि लोकसभेच्या पोटनिवडणुकीत काँग्रेस अवघ्या १४५७ मतांनी तरली. मधल्या काळात ‘लाडक्या बहिणीं’च्या खात्यात दरमहा १५०० रुपये जमा होऊ लागले होते, आणि ती वार्ता घरोघर पोचविणारी माणसे सज्ज होती. सोयाबीन तेव्हाही ४८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले जात होते. ते सांगत दारोदार फिरणारी समाजवादी फळी मात्र गावोगाव उरलेली नव्हती.