गावची मिळकत आणि शहरची मिळकत

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात गेवराई येथे दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या चालकांनी आम्हांस ग्रामीण व नागरी अर्थस्थितीवर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात आले की, हा विषय एखाद्या प्राध्यापकाकडे सोपविला असता तर बरे झाले असते. आम्ही काही अर्थशास्त्राचे अध्येते नव्हे. परंतु आमचे बालपण ह्याच तालुक्यात गंगथडीच्या काळ्या रानात गेले, नोकरीची पस्तीस वर्षे पुण्यात गेली, आणि आमचे वडीलबंधू आजही येथेच कापूस पिकवितात. एकाच घराचे दोन जमाखर्च आम्ही जवळून पाहिलेले आहेत. त्या आधारावरच बोलण्याचे धाडस करीत आहोत. बोलावयास दुसरेही एक कारण आहे. ते पुढे यथाक्रम निवेदन करू.

प्रथम थोडे आकडे सांगणे अवश्य आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लक्ष भरली व तीत शेकडा ४५ माणसे नगरांत राहणारी निघाली. आपल्या बीड जिल्ह्यात मात्र नगरवासीयांचे प्रमाण शेकडा २० च्या आसपासच होते. त्याच जनगणनेप्रमाणे राज्यातील काम करणाऱ्या माणसांपैकी निम्म्याहून अधिक शेतकरी वा शेतमजूर आहेत. आणि राज्याच्या एकूण उत्पन्नात शेतीचा हिस्सा जेमतेम बारा-तेरा टक्क्यांचा. निम्मी पंगत आणि अष्टमांश अन्न, असा हा हिशेब आहे. त्यात जमिनीचे वाटे होत चालले. १९७०–७१ च्या कृषिगणनेत राज्यातील सरासरी धारणक्षेत्र ४.२८ हेक्टर होते, ते २०१५–१६ मध्ये १.३४ हेक्टरांवर आले. आमच्या वडिलांच्या सातबाऱ्यावर एक नाव होते. आज त्याच गटावर सात नावे आहेत, आणि त्यांपैकी चौघांनी गेल्या दहा वर्षांत बांध पाहिलेला नाही. त्या चौघांत आम्हीही आहोत, हे लपविण्यात अर्थ नाही.

येथवरच्या गोष्टी सर्वश्रुत आहेत. शहरातील माणूस त्यांवरून असा निष्कर्ष काढतो की, गावात पैसा थोडा व शहरात पुष्कळ. आम्हांस हा निष्कर्ष अर्धवट वाटतो. शहरात पैसा अधिक आहे हे खरे, पण तेथे खर्चही तसाच आहे. पुण्यातील आमची पहिली अकरा वर्षे दोन खोल्यांत गेली आणि महिन्याच्या पंचविशीनंतर वाण्याकडे उधारी चाले. खरा भेद मिळकतीच्या आकड्यात नसून तिच्या येण्यात आहे. पगार थोडा असला तरी तो किती आहे व कोणत्या तारखेस येणार, हे आधी ठाऊक असते. शेतकऱ्यास ह्या दोहोंपैकी एकही गोष्ट ठाऊक नसते.

आमच्या बंधूंचेच उदाहरण घ्या. मृगाच्या पावसावर सरकी टोबावयाची, म्हणजे जूनमध्ये बियाणे, खत, औषध ह्यांचा खर्च रोखीने. वेचणी दसऱ्यापासून सुरू होते आणि ती किलोच्या दराने रोजच्या रोज चुकवावी लागते. सालगड्याचे साल पाडव्याला ठरते, तेव्हा तेही पैसे आधीच गेलेले असतात. पदरात पैसा पडतो तो कापूस विकल्यावर, वर्षातून एकदा. २०२१–२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. तो पाहून पुढल्या वर्षी तालुक्यातील पुष्कळांनी कापूस घरातच साठविला. आमच्या बंधूंनीही पुढची खोली छतापर्यंत भरली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, होळी गेली. घरातील मुलाबाळांच्या अंगाला खाज सुटली, पाहुण्याला बसावयास जागा उरली नाही, आणि भाव मात्र खाली खालीच येत गेला. अखेर २०२३ च्या उन्हाळ्यात सात हजारांच्या आसपास तो कापूस गेला. चूक कोणाची म्हणावी? साठविला नसता तर, आदल्या वर्षी ज्यांनी घाईने विकला, त्यांच्याप्रमाणे हळहळत बसावे लागले असते.

ह्यात शेतकऱ्याच्या अज्ञानाचा भाग नाही. भाव ठरतो तो गेवराईच्या बाजारात नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क माफ केले. प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत, मग डिसेंबरअखेरपर्यंत. गिरण्यांना माल स्वस्त मिळावा हा त्यामागील हेतू होता. परंतु तेच तर आपल्याकडील वेचणीचे महिने! आणि त्या वर्षी वेचावयास तरी काय उरले होते? सप्टेंबरच्या अतिवृष्टीत, आणि महिनाअखेरीस जायकवाडीतून सुटलेल्या पाण्याने, गोदाकाठची शिवारे बुडाली. त्यापूर्वी दहा वर्षे, २०१५–१६ मध्ये, हेच जायकवाडी कोरडे पडले होते आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरकरांस मिरजेहून आगगाडीने पाणी पाठवावे लागले होते. एका दशकात ही दोन टोके ज्याने सोसली, त्याच्याकडून दरमहा ठरावीक रकमेची अपेक्षा कशी करावयाची?

जायकवाडीचा विषय निघालाच आहे, तर त्याविषयी थोडे सांगतो. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादुर शास्त्री ह्यांच्या हस्ते पैठणच्या धरणाची पायाभरणी झाली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते उद्‌घाटन. त्याचा १३२ किलोमीटरांचा उजवा कालवा आपल्या तालुक्यातून माजलगावकडे जातो. कालव्याचे पाणी प्रथम आले तेव्हाचा आनंद आमच्या स्मरणात आहे. वयोवृद्ध माणसे त्यात नारळ सोडीत होती. धरण शेतीसाठी बांधले गेले. पुढे त्याच पाण्यावर छत्रपती संभाजीनगर वाढले, तेथील कारखाने वाढले. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांचा क्रम व त्यानंतर शेतीचा, असे ठरले. तो क्रम पालटून २०११ मध्ये शेती दुसऱ्या स्थानी आली. पिण्याच्या पाण्यास कोणी विरोध करणार नाही. आम्हांस इतकेच दाखवावयाचे आहे की, शहराचा नळ आणि गावाची चारी ही एकाच तळ्यास जोडलेली आहेत. तुटीच्या वर्षी प्रथम चारी बंद होते आणि तो तोटा कोणाच्याच वहीत मांडला जात नाही.

मराठवाड्याच्या जुन्या दुखण्याविषयी आम्ही विस्तार करीत नाही. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. दांडेकर समितीने १९८४ मध्ये अनुशेषाचा हिशेब मांडला, तो एकंदर सुमारे ३,१८६ कोटी रुपयांचा होता आणि त्यात मराठवाड्याचा वाटा शेकडा २४ च्या जवळपास होता. ह्यावर भाषणे पुष्कळ झाली आहेत, आणि त्यांतील काही ह्याच व्यासपीठावरून झाली आहेत.

शहराने गावासाठी काहीच केले नाही, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी पोर होतो. वडील आणि आई दोघेही रस्त्याच्या कामावर खडी फोडावयास जात आणि आम्ही डबा घेऊन सुकडीच्या रांगेत उभे राहत असू. ज्या घरात पूर्वी सालगडी होते, त्या घरची बाई डोक्यावर पदर ओढून खडी फोडते आहे, हे दृश्य पाहिलेली माणसे आजच्या सभेतही बसलेली आहेत. त्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे ह्यांची ती कल्पना. पुढे तिचा कायदा होऊन तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ह्या योजनेस पैसा कोठून आला, हे किती जणांस ठाऊक आहे? १९७५ मध्ये राज्याने व्यवसायकराचा कायदा केला तो ह्याच कामासाठी. नोकरदार, वकील, डॉक्टर, दुकानदार अशा मिळवत्या माणसांकडून कर घ्यावयाचा, सरकारने त्यात आपली भर घालावयाची, आणि गावात मागेल त्यास काम द्यावयाचे. २००५ च्या केंद्रीय कायद्यानंतर व्यवस्था पालटली; परंतु पगारपत्रकावर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये कापलेले दिसतात, त्यांचा उगम तो आहे. आम्ही स्वतः अनेक वर्षे त्या रकमेकडे पाहून त्रासत होतो. एके दिवशी कार्यालयातील एका जुन्या लेखापालांनी तिचे मूळ समजावून दिले, आणि आमच्या आईच्या हातातील तो हातोडा डोळ्यांपुढे उभा राहिला.

त्या कायद्यामागील विचार नीट पाहावा. तो दानाचा नव्हता. ज्याची मिळकत नियमित, त्याने ज्याची मिळकत अनियमित त्याचा वाईट काळ थोडा आपल्या अंगावर घ्यावा, असा तो होता.

दुसऱ्या बाजूने गावाने शहरास काय दिले, त्याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. आमच्या पुण्याच्या घरी दरवर्षी बाजरीचे पोते आणि तुरीची डाळ येत असे. तिचे पैसे आम्ही कधी दिले नाहीत, बंधूंनी कधी मागितले नाहीत. आमच्या शिक्षणासाठी विकलेली बैलजोडीही कोणत्या वहीत नाही. आपल्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास जी कुटुंबे कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात, त्यांत ज्ञातीतील कोणी नाही असे मानण्याची प्रथा आहे. ती प्रथा खरी नाही. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधी घेतलेली, आणि ती फिटेपर्यंत उसाच्या फडात पाल. अशी तीन घरे आमच्या एकट्याच्या ओळखीत आहेत. ती संमेलनास येत नाहीत. संमेलन हंगामात असते.

गावच्या मंडळींसही एक शब्द सांगतो, राग मानू नये. पीक बुडाले तरी लग्नाचा मांडव लहान होत नाही. व्यापाऱ्याच्या कर्जाचा दर विचारावयास संकोच वाटतो, आणि वाटणीच्या वेळी बहिणीचे नाव सातबाऱ्यावरून कमी करावयास मात्र संकोच वाटत नाही. शहरातल्यांनी सल्ले द्यावेत आणि गावातल्यांनी ऐकावेत, हे आम्हांस मान्य नाही. पण ह्या गोष्टी आम्ही गावात राहिलो असतो तरी बोललो असतो.

आता ज्या कारणाचा प्रारंभी उल्लेख केला, त्याकडे येतो. आपल्या मंडळाचा शिक्षणनिधी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी व शुल्कासाठी बिनव्याजी रक्कम देतो. फेड दरमहा हप्त्याने, प्रत्येक महिन्याच्या दहा तारखेच्या आत, असा नियम आहे. नियम करणारे आम्हीच. त्या वेळच्या समितीत आम्ही होतो आणि समितीतील सर्वच सभासद पगारदार होते. गतवर्षीच्या स्मरणिकेत थकबाकीदारांची यादी नावनिशीवार छापली गेली. ती यादी आम्ही ओळीने वाचली. तीत एकही पगारदार घर नाही. सर्व नावे तलवाडा, उमापूर, चकलांबा, धोंडराई अशा भागांतील शेतकरी घरांची आहेत. त्यांतील एका गृहस्थांनी तर गेल्या फेब्रुवारीत, कापूस विकल्याबरोबर, अकरा महिन्यांची रक्कम एकदम आणून भरली होती; परंतु यादी जानेवारीत छापावयास गेली होती. त्यांची मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. ती स्मरणिका तिच्या वसतिगृहातही गेली. ह्या वर्षी तिने निधीकडे अर्ज केलेला नाही.

बँकांना आपण पाषाणहृदयी म्हणतो. पण पीककर्जाची फेड बँकसुद्धा दरमहा मागत नाही. हंगाम पाहून मार्चअखेर मागते. आपल्या ज्ञातीच्या निधीस बँकेएवढेही शेतीचे ज्ञान असू नये, ह्याचे आम्हांस वाईट वाटते, आणि नियमावर आमचीही सही असल्यामुळे अधिकच वाटते.

म्हणून आज दुपारच्या सर्वसाधारण सभेत आम्ही एक सूचना मांडीत आहोत. ज्या घराची मुख्य मिळकत शेतीची आहे, त्या घराने फेड वर्षातून एकदा, फेब्रुवारीअखेर करावी. ज्या वर्षी त्या गावची खरिपाची अंतिम पैसेवारी ५० पैशांच्या आत निघेल, त्या वर्षीचा हप्ता आपोआप पुढे जावा. त्यासाठी अर्ज, विनंती वा ओळख लागू नये. पैसेवारी डिसेंबरात जाहीर होते, तेव्हा ती पाहून नोंद करणे कार्यवाहांस कठीण नाही. ह्यामुळे निधीत जी तात्पुरती तूट पडेल, ती शहरवासी सभासदांनी दरसाल व्यवसायकराएवढी, म्हणजे अडीच हजारांची, ठेव निधीत ठेवून भरून काढावी. ठेव परत मिळणारी आहे. आमची स्वतःची रक्कम आज सकाळी कोषाध्यक्षांकडे दिली आहे.

आणि थकबाकीदारांची यादी ह्यापुढे छापू नये. गतवर्षी ज्यांची नावे छापली, त्या घरांकडे मंडळाच्या वतीने कोणी तरी समक्ष जाऊन दिलगिरी सांगावी, अशी आमची विनंती आहे. धोंडराईकडील घरे आमच्याकडे द्यावीत. आम्ही मंगळवारपर्यंत येथेच, बंधूंकडे आहोत.