क्लॅरिनेट : खर्च ओठापासून खाली

बारावीचे निकाल लागले की काही मोजक्या घरांत एक निराळीच चर्चा सुरू होते. मुलगी पाश्चात्त्य संगीत शिकायला कॉलेजात निघालेली असते. वसईतल्या एखाद्या चर्चच्या बँडमध्ये, मुंबई-पुण्याच्या शाळेत नाहीतर गोव्यात एखाद्या जुन्या वादकाकडे तिनं चार-पाच वर्षं क्लॅरिनेट वाजवलेलं असतं. वाद्य काळ्या प्लॅस्टिकचं, शिकाऊ. अशात कुणीतरी सांगून जातं, ‘‘कॉलेजात हे चालायचं नाही, लाकडी घ्यावं लागेल.’’ व्यावसायिक दर्जाच्या नव्या लाकडी क्लॅरिनेटची किंमत लाखांत जाते. ती ऐकली की आईबाबा एकमेकांकडे बघतात आणि मुलगी आपल्या पेटीकडे.

अशा घरांसाठी आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. क्लॅरिनेटवर खर्च करायचा तर ओठापासून सुरुवात करा आणि एकेक पायरी खाली उतरा. आधी रीड, मग माउथपीस, मग बॅरल आणि वाद्याचं धड सगळ्यात शेवटी.

याचं कारण वाद्याच्या घडणीतच आहे. आवाज उठतो तो रीडच्या टोकाशी. रीड म्हणजे बोरूसारख्या उंच, पोकळ गवताची तासलेली पट्टी. हे गवत दक्षिण फ्रान्समध्ये खास पिकवतात. रीडचं टोक आणि माउथपीसची कड यांच्यामध्ये जेमतेम एक मिलिमीटरची फट असते. त्या फटीत रीड थरथरते आणि खालच्या नळीतली हवा तिला साथ देते. नळी लाकडाची की प्लॅस्टिकची, यानं आवाजात किती फरक पडतो? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जॉन बॅकस यांनी १९६४ साली याचं मोजमाप प्रसिद्ध केलं. नळीच्या भिंतीचा पदार्थ बदलून आवाजाच्या पोतात दखल घ्यावी असा फरक त्यांना आढळला नाही. मग महागड्या वाद्यात पैसे कशाचे? आतलं भोक किती काटेकोर कोरलंय, सुरांची छिद्रं कशी घडवली आहेत, चाव्या किती नेमक्या बसतात, याचे. त्यामुळे सगळे सूर एका रेषेत लागतात. हे मोलाचं आहेच, पण ते कानाला कळायच्या आधी वरचं सगळं जाग्यावर हवं.

या सगळ्याच्या आधी एक अट. हातात आहे ते वाद्य गळतं का, ते बघा. वरचा भाग सुटा करा, बोटांनी छिद्रं झाका, खालचं तोंड तळव्यानं बंद करा आणि वरून हवा ओढा. ओढ काही सेकंद टिकली तर ठीक. लगेच सुटली तर कुठलं तरी पॅड बसत नाहीये. ते शोधायला पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी पॅडखाली ठेवा, चावी मिटवा आणि पट्टी हलकेच ओढा. सहज निसटली तर चोर सापडला. खालचे सूर फुटतात म्हणून वर्षभर स्वतःला दोष देणारी मुलं मी पाहिली आहेत. पॅड आणि सांध्यांचे कॉर्क बदलल्यावर तेच सूर विनासायास लागू लागले. वाद्य जाणकार कारागिराकडून पुरतं दुरुस्त करून घ्या. नव्या वाद्याच्या तुलनेत हा खर्च किरकोळ असतो.

आता रीड. तिच्या जाडीला, म्हणजे खरं तर ताठरपणाला, नंबर असतात : दोन, अडीच, तीन, साडेतीन. मोठा नंबर म्हणजे मोठा वादक, अशी मुलांची समजूत असते. तसं काही नाही. माउथपीसची फट रुंद असेल तर रीड मऊ लागते, अरुंद असेल तर ताठ. एकच रीड मरेपर्यंत वाजवू नका. तीन-चार रीड आलटून पालटून वापरा आणि वाजवून झाल्यावर पुसून सपाट डबीत ठेवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात ओली रीड टोपणाखाली तशीच राहिली तर तिच्यावर बुरशी धरते.

नंतर माउथपीस. बजेट बेताचं असेल तर यातले सगळ्यात शहाणपणाचे पैसे इथे जातात. शिकाऊ वाद्याबरोबर आलेलं माउथपीस बहुधा साधं प्लॅस्टिकचं असतं. त्याच्या जागी एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, नीट घडवलेलं माउथपीस लावलं की जुनं वाद्य बदलल्यासारखं वाटतं. आणि पुढे वाद्य बदललं तरी माउथपीस आपल्याबरोबर येतं. व्हँडोरेन या फ्रेंच कंपनीची बी-४५, एम-३० किंवा ५-आर-व्ही लायर ही नावं कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी असतात. पण नावावर घेऊ नका. दुकानात दोन-तीन मागा, सगळ्यांना तीच रीड लावा, समोर ट्यूनर ठेवा. बरोबर आलेल्या माणसाला पाठ करून ऐकायला सांगा. कुठलं कुठलं आहे हे त्याला कळता कामा नये. याच कंपनीची तेरा क्रमांकाची मालिका ४४०च्या पट्टीसाठी, म्हणजे ‘ए’ सूर ४४० हर्ट्झला धरून, बसवलेली असते आणि बाकीची बरीच किंचित चढी असतात. तेव्हा तुमचा वाद्यवृंद कुठल्या पट्टीत वाजवतो, हे आधी विचारा.

माउथपीसखालचा आखूड तुकडा म्हणजे बॅरल. लांबी साधारण ६४ ते ६७ मिलिमीटर. वाद्य पूर्ण आत बसवूनही सूर उतरा लागत असेल, तर एक-दोन मिलिमीटर आखूड बॅरल घ्यावा. चढा लागत असेल तर बॅरल थोडा बाहेर ओढतात. पण तेव्हा नळीच्या वरच्या टोकाकडचे सूर बाकीच्यांपेक्षा जास्त उतरतात. तिथे लांब बॅरल बरा. आणि रीड धरून ठेवणारी ती स्क्रूची पट्टी, लिगेचर? रीड सारखी धरत असेल तर तिच्यावर एक रुपयाही घालू नका.

एवढं करूनही हात वाद्याच्या पुढे गेलाय असं शिक्षकांना वाटलं, तरच धडाकडे वळा, आणि शक्यतो वापरलेलं चांगलं वाद्य शोधा. बुफे क्रॅम्पाँ या फ्रेंच कंपनीचं आर-१३ हे मॉडेल १९५५ पासून चालत आलंय. त्याची जुनी वाद्यं बाजारात येत असतात. मधल्या दर्जाची लाकडी वाद्यंही कॉलेजची वर्षं आरामात काढतात. घेताना वरच्या भागात छिद्रांच्या आसपास तडे बघा. नीट सांधलेला, न गळणारा तडा असेल तर भिण्याचं कारण नाही; उलट किंमत उतरवून मागता येते.

आपल्याकडे दोन सापळे आहेत. एक म्हणजे चाव्यांची जुनी पद्धत. लग्नाच्या बँडमध्ये अजूनही साध्या, अल्बर्ट पद्धतीची क्लॅरिनेट दिसतात. ती स्वस्त मिळतात आणि बँडवाले त्यांवर बहारदार वाजवतात. पण जर्मनी आणि ऑस्ट्रिया सोडले तर कॉलेजात जवळपास सगळीकडे बोम पद्धत शिकवतात. तिची बोटं वेगळी, म्हणजे हात नव्यानं बसवावा लागेल. दुसरा सापळा पट्टीचा. इंग्रजांच्या लष्करी बँडमध्ये १९२०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ४५२च्या आसपासची चढी पट्टी होती. त्या काळातलं वाद्य हाती लागलं तर ते आजच्या पट्टीपेक्षा जवळपास पाव स्वर चढं लागतं आणि कुठल्याही बॅरलनं खाली येत नाही. अशा वाद्यांवर बहुधा ‘एच. पी.’ अशी अक्षरं कोरलेली असतात. ती दिसली की वाद्य परत ठेवा.

लाकूड घेतलंत तर त्याचे लाडही करावे लागतात. नवं वाद्य पहिले काही आठवडे दिवसाला पंधरा-वीस मिनिटंच वाजवा. फुंकरीच्या ओलाव्यानं लाकूड आतून फुगतं, बाहेरून कोरडंच राहतं आणि त्या ओढाताणीत तडकतं. वातानुकूलित खोलीतून काढलेल्या गार वाद्यात लगेच जोरानं फुंकू नका. ज्या मुलीला दमट किनाऱ्यावरून कोरड्या गावी जायचंय, तिला पहिल्या वर्षी प्लॅस्टिकचं वाद्य बरंच निर्धास्त ठेवील.

‘ए’ पट्टीचं दुसरं क्लॅरिनेट लागेल का, असंही विचारतात. मोत्सार्टचा १७९१ सालचा क्लॅरिनेट कन्चेर्तो त्याच पट्टीतला आहे आणि वाद्यवृंदात ते वाद्य लागतंच. पण ते आत्ता विकत घेऊ नका. पियानोच्या साथीनं हा कन्चेर्तो नेहमीच्या ‘बी फ्लॅट’ वाद्यावर वाजवायच्या आवृत्त्या मिळतात. पुढे ‘ए’ हाती आलं तर माउथपीस तेच लागतं, रीडही तीच.

प्रवेश पक्का झाला की पहिला फोन दुकानाला न करता तिथल्या शिक्षकांना करा. माउथपीस कुठलं चालेल, कॉलेजकडे वाद्य उसनं मिळतं का, एवढं विचारा. काही शिक्षक पहिल्याच महिन्यात मुलांचं माउथपीस बदलायला लावतात. तसं असेल तर ते पैसे आत्ता वाचतील. दुरुस्ती, माउथपीस आणि रीडचा एक डबा एवढ्यावर पहिलं वर्ष नीट जातं. उरलेली रक्कम बँकेत राहू द्या. वर्षभर वाद्यवृंदात बसून, चार निरनिराळी वाद्यं हाताळून तिचा कान तयार होईल. तेव्हा दुकानात तिला पुढे करा, तुम्ही मागे उभे राहा आणि वाद्य तिलाच निवडू द्या.