ग्युंच यांचा ड्रम आणि आपला कॅशे

वेबसाइटच्या कॅशेबद्दल, म्हणजे डेटाबेसमधल्या माहितीच्या मेमरीत ठेवलेल्या प्रतींबद्दल, बोलायचं तर मला सुरुवात करावीशी वाटते ती बर्लिनपासून, १९५६ सालापासून.

फ्रिट्झ-रुडॉल्फ ग्युंच या भौतिकशास्त्रज्ञाने त्या वर्षी तिथल्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. संगणकाची जलद मेमरी तेव्हा चुंबकीय कड्यांची, महाग आणि म्हणून तुटपुंजी. मोठा साठा फिरत्या ड्रमवर, तिथून वाचायला वेळ लागायचा. ड्रमवरून कधी काय आणायचं, याची चिंता प्रोग्राम लिहिणाऱ्याने वाहायची. ग्युंच यांच्या आराखड्यात जलद मेमरीचे १०० शब्दांचे फक्त ६ ब्लॉक होते, पण प्रोग्रामला दिसायचे १,००० ब्लॉक. म्हणजे ६०० शब्दांच्या जागेत लाख शब्दांचा कारभार! ब्लॉकची ने-आण यंत्रानेच करायची. आज आपण जिला व्हर्च्युअल मेमरी म्हणतो तिची ही पहिली मांडणी मानतात. अशी व्यवस्था मँचेस्टरच्या ॲटलस संगणकात १९६२ साली प्रत्यक्षात आली.

मग जलद मेमरीत काय ठेवायचं, ही डोकेदुखी वेब ॲप्लिकेशन लिहिणाऱ्यांना आजही का? कारण ग्युंच यांच्या आराखड्यात प्रोग्रामचं प्रत्येक वाचन-लेखन त्याच यंत्रणेतून जायचं. तिच्या पाठीमागे कुणी काही बदलू शकत नव्हतं. आपला कॅशे मात्र डेटाबेसपासून वेगळा असतो. डेटाबेसमधली नोंद दुसऱ्याच कुणी बदलली, तर कॅशेला त्याचा पत्ताही लागत नाही. जागा कुणाला द्यायची हे यंत्र ठरवू शकतं; ठेवलेली प्रत अजून खरी आहे का, हे आपल्यालाच ठरवावं लागतं.

जर्मनीतल्या रेल्वेगाड्यांची माहिती देणारं एखादं संकेतस्थळ घ्या. स्थानकांची यादी दिवसभर कॅशेमध्ये राहिली तरी कुणाचं बिघडत नाही. गाडी कोणत्या फलाटावर लागणार, ही माहिती मात्र पाच मिनिटं शिळी झाली तर प्रवासी भलत्याच फलाटावर उभा राहतो. दोन्हींना एकच मुदत लावणं हा मला निव्वळ आळस वाटतो. शिवाय हजारो नोंदींची मुदत एकाच क्षणी संपू देऊ नये. सगळ्या विनंत्या एकदम डेटाबेसवर कोसळतात. मुदतीत थोडा कमीजास्तपणा ठेवला की हे टळतं.

आता मेमरीचा हिशेब. एका वापरकर्त्याचं ऑब्जेक्ट ५० किलोबाइटचं धरलं, तर दोन लाख वापरकर्त्यांचे झाले १० गिगाबाइट. ५०० मेगाबाइटचा कॅशे प्रोसेसच्या आतच ठेवला आणि सर्व्हरवर आठ प्रोसेस असल्या, तर त्याच मजकुराच्या आठ प्रती, म्हणजे ४ गिगाबाइट. हा गुणाकार कागदावर करायला मिनिटही लागत नाही, तरी बहुतेक जण तो सर्व्हर कोसळल्यावर करतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सगळ्या प्रोसेसना मिळून एकच, असे सामायिक कॅशे यासाठीच आले. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या संकेतस्थळासाठी २००३ मध्ये मेमकॅशेड लिहिलं. आपण बदलली नाही तर त्याची मर्यादा ६४ मेगाबाइट, आणि जागा भरली की बराच काळ न वापरलेलं ते काढून टाकतं. २००९ मध्ये आलेल्या रेडिसचा स्वभाव उलटा. ६४ बिटच्या यंत्रावर आपण घातली नाही तर त्याला मर्यादाच नसते. मेमरी संपत आली की लिनक्स एखादी प्रोसेस मारून टाकतं, आणि बहुधा ती रेडिसचीच असते. मर्यादा घातली, पण काय काढायचं ते सांगितलं नाही, तर रेडिस काहीच काढत नाही; नवं लिहायला गेलं की चूक दाखवतं. म्हणून या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि कॅशेमधून किती टक्के उत्तरं मिळाली, एवढ्यावरच समाधान मानू नका. मुदत संपण्याआधीच जागेअभावी किती नोंदी बाहेर काढाव्या लागल्या, तो आकडा शेजारी मांडा. तो सतत चढत असेल, तर आधी ऑब्जेक्ट उघडून पाहा. पानावर फक्त नाव आणि शहर दिसतं, आणि कॅशेमध्ये अख्खी नोंद जाते, असं फार ठिकाणी आढळतं. तेवढं छाटल्यावरही आकडा उतरला नाही, तर मग मेमरी विकत घ्यावी.