'हे इथे, ते तिकडे'

हेडफोन लावलेत ना? आज कोड कमी, शिकवण्याबद्दल जास्त.

तर झालं असं. मी दर रविवारी कॉलेजच्या पोरांना पायथन शिकवायचो. फुकट, हौस म्हणून. बॅचमध्ये एक मुलगा पूर्ण अंध. त्याच्या लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीन वाचून दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर. टायपिंग माझ्यापेक्षा फास्ट. तिसऱ्या रविवारी तो आलाच नाही.

फोन केला. म्हणाला, "दादा, तुम्ही दोन तास 'हे इथे, ते तिकडे' करता. मी नुसता बसून असतो."

क्लासचं रेकॉर्डिंग होतं. डोळे मिटून ऐकलं. "ही लाइन जरा आत घ्या, की झालं!" अरे, कुठली लाइन? किती आत? पायथनमध्ये ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेवरूनच ठरतं, की ती ओळ लूपच्या आत आहे की बाहेर. म्हणजे जे सगळ्यात महत्त्वाचं, तेच मी बोटाने दाखवत होतो.

तो परत आला, पण एका अटीवर: कोड आदल्या रात्री पाठवायचा, तोही टेक्स्टमध्ये, स्क्रीनशॉट नको. स्क्रीनशॉट म्हणजे त्याच्यासाठी कोरा कागद. ओळ किती आत आहे हे आवाजाने सांगणारी सेटिंग एनव्हीडीएमध्ये असते, हेही त्यानेच मला शिकवलं. इंजिनिअर मी! असो.

मग मी बोलायला लागलो, "चौथी ओळ चार स्पेस आत, कारण ती प्रत्येक फेरीत चालायला हवी." त्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी, जिची नजर एकदम चांगली आहे, म्हणाली, "सर, आत का घ्यायचं ते आज कळलं." आणि एसटीने येणारा एक जण ते टेक्स्ट मोबाइलवर वाचूनच यायला लागला. त्याच्याकडे लॅपटॉप नव्हता, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

याला युनिव्हर्सल डिझाइन फॉर लर्निंग म्हणतात. अमेरिकेतल्या कास्ट नावाच्या संस्थेने ते मांडलं. धडा एकाहून जास्त मार्गांनी पोचवा, आणि 'मला आलं' हे दाखवायचे मार्गही मुलांना एकाहून जास्त द्या. यातलं दुसरं मला अजून जमत नाही. परीक्षा मी सगळ्यांची एकच घेतो, लेखी.

आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याला माझ्या या सगळ्या बडबडीचा काय उपयोग? म्हणून हा एपिसोड शब्दन् शब्द लिहून टाकतोय. कुठे अडलात तर नक्की कळवा.