कारखाने खुजे का राहतात?

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मी शिकलो शेतीशास्त्र. कॉलेजात आम्हाला आधी शिकवली ती सरासरी. ज्वारीच्या वावरात शंभर ताटं मोजा. सरासरी सहा फूट निघाली, तर बहुतेक ताटं पाच ते सात फुटांत सापडतात. साठ फुटांचं ताट कुणी पाहिलेलं नाही.

आज मी बोलणार आहे त्या पिकाला हे गणित लागू पडत नाही. ते पीक म्हणजे कारखाने, दुकानं, कंपन्या. शेतीत भागत नाही म्हणून आपली पोरं जिथे काम शोधायला जातात, ती जागा.

अमेरिकेचा हिशेब घ्या. 1997 साली तिथे कामगार ठेवणारे सुमारे 55 लाख धंदे होते. सरासरी धंद्यात माणसं 19. पण सर्वांत मोठ्या कंपनीत माणसं दहा लाखांच्या घरात! रॉबर्ट अ‍ॅक्स्टेल यांनी 2001 साली हे आकडे मांडले, तेव्हा त्यात एक शिडी दिसली. दहा किंवा जास्त माणसांचे धंदे जितके, त्यांच्या साधारण दहावा हिस्सा शंभर किंवा जास्त माणसांचे. हजारावरचे त्याच्याही दहावा हिस्सा. याला झिपचा नियम म्हणतात.

ही शिडी कुणी बांधली? कुठल्याही मंत्रालयानं नाही. रॉबर्ट जिब्रा या फ्रेंच इंजिनिअरनं 1931 सालीच तिचं मूळ सांगितलं होतं. धंदा वाढतो तो टक्क्यानं, व्याजासारखा. आणि लहान असो की मोठा, टक्का नशिबाप्रमाणे कमी-जास्त पडतो. दहा माणसांचा कारखाना दरसाल दहा टक्के वाढला, तर 25 वर्षांत 108 माणसांचा होतो. शेजारचा तितकाच कारखाना जागच्या जागी राहतो, तिसरा बुडतो, चौथा नवा निघतो. अशी कित्येक वर्षं गेली की शिडी आपोआप उभी राहते. शिडीचा आकार सांगता येतो. तिच्यावर कोण चढेल ते आधी कुणालाच सांगता येत नाही.

आता आपल्याकडे या. 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशात साडेपाच कोटींच्या वर आस्थापना भरल्या आणि त्यांत माणसं 13 कोटी. म्हणजे सरासरी सव्वादोन! मोजण्याची पद्धत अमेरिकेहून वेगळी, तेव्हा आकड्याला आकडा लावू नका. पण शंभरातल्या पंचाण्णव ठिकाणी पाच किंवा कमी माणसं, हे विसरूही नका.

लहान असणं हा गुन्हा नाही. अमेरिकेतही लहानच जास्त. दुखणं वेगळं आहे. शिये आणि क्लेनाव या अर्थशास्त्रज्ञांनी 2014 साली दाखवलं की अमेरिकेत चाळीस वर्षं टिकलेल्या कारखान्यात नव्या कारखान्याच्या सातपट कामगार असतात. भारतात चाळीस वर्षांत जेमतेम दुप्पट. आपलं रोप उगवतं, पण वाढत नाही.

का वाढत नाही? वीज, रस्ता, कर्ज, इन्स्पेक्टर, कारणं पुष्कळ आहेत. पण एक कारण सरकारनं स्वतः लिहून ठेवलं होतं. 1967 साली 47 वस्तू लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या. यादी वाढत आठशेच्या पुढे गेली. यंत्रांवरचा खर्च मर्यादेबाहेर गेला की ती वस्तू करायची बंदी; करायचीच तर बराचसा माल निर्यात करण्याची अट. कापूस पिकवणाऱ्यांनो, नीट ऐका: तयार कपडे या यादीत 2000 सालापर्यंत होते, होजिअरी 2005 पर्यंत. तुमच्या बोंडातून निघणाऱ्या सदऱ्याच्या कारखान्याला मोठं होण्याची मनाई होती! शेवटच्या 20 वस्तू 2015 साली सुटल्या.

राखीव यादी उठल्यावर काय झालं? मार्टिन, नटराज आणि हॅरिसन यांनी 2017 साली हिशेब मांडला. ज्या जिल्ह्यांत यादीतला माल जास्त होता, तिथे 2000 ते 2007 या काळात रोजगारही जास्त वाढला, मजुरीही. काम दिलं ते नव्यानं आलेल्यांनी आणि मर्यादेमुळे अडकून पडलेल्यांनी. काही जुने लहान कारखाने मागे पडले, हेही लपवू नये. पण लहानाला जपायचं म्हणून केलेल्या कायद्यानं लहानाला लहानच ठेवलं.

छाटणी कशी करायची ते आम्हाला शिकवलं होतं. पण दरसाल शेंडाच खुडत राहिलात, तर झाड खुजं राहिलं म्हणून बियाण्याला दोष देता येत नाही.

म्हणून एक काम सांगतो. आपापल्या तालुक्यातल्या जिनिंग, दालमिल, तेलघाण्या मोजा. वीस वर्षांपूर्वी तिथे किती माणसं होती, आज किती? जी वाढली नाही तिच्या मालकाला विचारा: बाबा, तुला कुणी अडवलं? उत्तरं वहीत लिहून पुढच्या मेळाव्याला घेऊन या. मागणी काय करायची, ते त्या वहीवरून ठरवू.