नदीपलीकडची सून

सिरोंच्याच्या बाजारात एखाद्या बाईला तिचे माहेर विचारा. ती हात लांब करून प्राणहितेचा नाहीतर गोदावरीचा पलीकडचा काठ दाखवील. भामरागडकडे तोच हात इंद्रावतीपलीकडे, बस्तराच्या रानात जातो. ज्यांनी राज्यांच्या हद्दी आखल्या त्यांनी नदीला सीमा मानले. आमच्या सोयरिकींनी मात्र तसे कधी मानले नाही. पूर्वी वऱ्हाड नावेतून येई, आता पुलावरून येते. सून घरात आली, तिचे नाव शिधापत्रिकेवर चढले, की ती गावची झाली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला म्हणूनच असे वाटते की, लग्न लागले म्हणजे सगळे झाले.

मी आज बोलणार आहे ते याहून फार लांबच्या नदीपलीकडून आलेल्या सुनेविषयी. पासपोर्ट घेऊन आलेल्या.

काही वर्षांपूर्वी मूलकडच्या एका खेड्यातले कुटुंब माझ्याकडे आले. मुलगा, त्याची नवी नवरी, आणि काठी टेकत आलेली आजी. मुलगा सिंगापूरला नोकरीला होता. मुलगी फिलिपिन्सची. ओळख तिकडेच झाली. ती पर्यटक म्हणून व्हिसा घेऊन आली, गावात मांडव पडला, अक्षता पडल्या, गावजेवण झाले. सासरच्यांनी तिचे नावही बदलले, आणि पत्रिकेत ते नवेच नाव छापले. मी पासपोर्ट हातात घेतला, पाने उलटली. व्हिसा संपायला अकरा दिवस राहिले होते.

आजी म्हणाली, "वकीलसाहेब, लगन लागलं, गाव जेवलं. आता सरकारचं काय बाकी रायलं?"

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना माझी पंचाईत झाली. कारण खरे उत्तर असे होते की, आजीबाई, सरकारच्या लेखी लग्न अजून लागलेलेच नाही. मुलगा हिंदू, मुलगी ख्रिस्ती. दोघेही हिंदू असतील तरच हिंदू विवाह कायद्याखाली लग्न होते. धर्म निराळे असले म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याकडे जावे लागते. त्या कायद्याची वाट सरळ आहे, पण घाईच्या माणसाची नाही. दोघांपैकी एकाचा तरी त्या जिल्ह्यात निदान तीस दिवस मुक्काम हवा. मग विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची. ती तीस दिवस फलकावर लागते. कोणाची हरकत असेल तर त्या मुदतीत यावी. नंतर तीन साक्षीदारांसमोर सह्या. शिवाय मुलीने तिच्या देशातून अविवाहित असल्याचा दाखला आणायचा आणि त्यावर तिकडच्या सरकारचा अपोस्टिल म्हणून जो शिक्का असतो तो घ्यायचा. भारत या व्यवस्थेत २००५ साली सामील झाला, फिलिपिन्स २०१९ मध्ये. त्यामुळे पूर्वीसारखे वकिलातीचे उंबरे झिजवावे लागत नाहीत, एवढी सोय आहे.

आता हिशेब तुम्हीच करा. नोटिशीला दिवस हवेत तीस, हातात अकरा.

अशा वेळी शेजारीपाजारी जो सल्ला देतात तो याही घरात दिला गेला होता. "राहू द्या हो. खेड्यात कोण बघायला येते? चार दिवस इकडचे तिकडे." देणारे वाईट नव्हते, मायेपोटीच म्हणत होते. मी मात्र त्या दिवशी जरा कठोर झालो. मुलीला म्हटले, मुदत संपण्याआधी तुम्ही परत जा. आजी रडली. मुलगा रागावला. नवी नवरी हळद उतरायच्या आत परत पाठवायची, हे कोणत्या शास्त्रात बसते?

मी इतका हटून का बसलो, ते सांगतो. आजच्या बोलण्याचा गाभा तोच आहे. नागरिकत्व कायद्यात 'बेकायदा स्थलांतरित' अशी एक व्याख्या आहे. कागदपत्रांशिवाय आलेला माणूस तर तीत येतोच. पण रीतसर कागदांनिशी येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेलाही येतो. चोरून आलेला आणि मुदत विसरलेला, दोघांना एकच शब्द. आणि हा शब्द एकट्या बाईला चिकटत नाही, तो पोटच्या पोरापर्यंत जातो. ३ डिसेंबर २००४ रोजी किंवा त्यानंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईबाप दोघेही भारतीय असतील तर प्रश्न नाही. एकच भारतीय असेल, तर मुलाच्या जन्माच्या वेळी दुसरा बेकायदा स्थलांतरित नसला पाहिजे. म्हणजे बाप इथला, आजा-पणजा इथला, बाळ चंद्रपूरच्या दवाखान्यात जन्मले, तरी ते भारतीय की नाही हे आईच्या पासपोर्टवरच्या एका तारखेवर ठरते. 'चार दिवस इकडचे तिकडे' म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसते.

मुलगी गेली, आणि काही महिन्यांनी दाखले घेऊन परत आली. तीस दिवसांचा मुक्काम, तीस दिवसांची नोटीस, मग सह्या. आजी साक्षीदारांत बसली. तिने अंगठा न देता सही केली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली होती म्हणे. पर्यटक व्हिसा सहसा बदलून मिळत नाही. पण भारतीयाशी लग्न होणे हा जे थोडे अपवाद आहेत त्यांतला एक. तो बदलून नागरिकाची पत्नी म्हणून राहण्याचा व्हिसा मिळाला. तेवढ्यावर नोकरी करता येत नाही, हेही तिला तेव्हाच सांगितले. मुलगी शिकलेली होती; तिला ते खुपले.

नोंदणीचेही समजून घ्या. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा घेऊन येणाऱ्याने आल्यापासून चौदा दिवसांत परकीय नागरिक म्हणून नोंदणी करायची. आमच्या जिल्ह्यांत हे काम जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाकडे असते. अर्ज आता संगणकावरून जातो. परदेशी माणसाला घरी उतरवून घेणाऱ्यानेही चोवीस तासांत तसे कळवायचे असते. आजीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे माही सून मायाच घरी पाहुनी?" कायद्याच्या भाषेत होय, पाहुणीच. १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे जाऊन १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांसाठी नवा कायदा लागू झाला आहे; पण पाहुण्याने आपली वर्दी द्यावी, हा भाग जुनाच आहे.

नावाचाही एक घोटाळा झाला. लग्नात मुलीचे नाव बदलणे ही आपली हौस. नवरा तांदळात अंगठीने नाव लिहितो, टाळ्या पडतात. पुढे मधले नाव बापाचे जाऊन नवऱ्याचे येते, आडनाव बदलते. आपल्याला त्यात काही वावगे दिसत नाही. परक्या अधिकाऱ्याच्या टेबलावर मात्र त्या दोन निराळ्या बायका होतात. या घरात पत्रिकेवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे. मी सांगितले, घरात काय हवे ते म्हणा, पण विवाहाच्या नोंदवहीत पासपोर्टावरचेच नाव, त्याच अक्षरांनी. गावाच्या नावाचेही तसेच आहे. जुन्या दाखल्यांवर जिल्हा 'चांदा' असतो, नंतरच्यांवर 'चंद्रपूर'. आणि २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाल्यावर अहेरीत जन्मलेल्या माणसाचे गाव तेच राहिले, जिल्हा बदलला. बाहेरच्या देशात हा कागद दाखवताना खुलासा जोडावा, नाहीतर माणूस दोन ठिकाणी जन्मला असा संशय येतो.

दोन वर्षे बरी गेली. मग घरात पाळणा हलण्याची चिन्हे दिसली, आणि मुलीने पहिले बाळंतपण आईकडे करायचे म्हटले. आपल्याही मुली तेच म्हणतात. पण इथे पुन्हा कायदा आडवा आला. नागरिकाशी विवाह झालेल्याला भारतात सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणीने नागरिकत्व मागता येते. त्या सात वर्षांची मोजणी अशी आहे : अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथे, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून निदान सहा वर्षे इथे. मधल्या काळात माहेरपण करता येते; शेवटचे बारा महिने मात्र नाही. खास कारण असेल तर केंद्र सरकार त्यांत तीस दिवसांपर्यंत सूट देऊ शकते, अशी तरतूद २०१५ मध्ये आली. बाळ परदेशात जन्मले तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत त्याची नोंद करावी लागते, आणि त्याच्यापाशी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईबापांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी हवी.

मी हे सगळे तिच्यापुढे मांडले आणि गप्प राहिलो. आईकडे जाऊ नको असे सांगणारा मी कोण? तिने दोन दिवसांनी नवऱ्याकडून निरोप पाठवला की, आईच इकडे येते आहे. माहेर चंद्रपूरला आले! विहीणबाईंनी धानाच्या बांधीत उभे राहून पावसात फोटो काढून घेतले. आजी आणि त्या एकमेकींशी तासन्‌तास बोलत. कोणत्या भाषेत, ते कोणालाच कळले नाही.

पण आमच्याच भागात अशीही घरे आहेत की जिथे असा सल्ला द्यायला वेळच उरला नव्हता. मुलचेरा आणि चामोर्शीकडची बंगाली गावे आपण पाहिली असतील. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना १९६० च्या दशकापासून सरकारनेच या रानात वसवले. पुरुषाजवळ पुनर्वसनाचे कागद आहेत. आणि बायको मागाहून, नात्यातून, पलीकडून आलेली. समजा ती १९८५ च्या सुमारास बिनपासपोर्टची आली. थोरला मुलगा १९८६ चा. १ जुलै १९८७ पूर्वी इथे जन्मलेला म्हणून तो जन्मानेच नागरिक. मधली मुलगी १९९० ची. तेव्हा आईबापांपैकी एक भारतीय असणे पुरेसे होते, म्हणून तीही नागरिक. धाकटा २००५ चा. त्याच्या वेळेला कायदा आईकडे बोट दाखवतो. एका ताटात जेवलेली तीन भावंडे, आणि तिघांना तीन कायदे. बांगलादेश, पाकिस्तान व अफगाणिस्तान येथून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने एक वाट केली. तिचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. अशा आईने आपला अर्ज त्या वाटेने करावा. त्यासाठीही कुठून व कधी आलो याचा काही कागद लागतोच, आणि तो शोधायचा तो ट्रंकेच्या तळाशी.

एक गोष्ट मला वकील म्हणून टोचते, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५५ च्या मूळ कायद्यात विवाहाची ही सवलत फक्त स्त्रियांना होती. भारतीय स्त्रीच्या परदेशी नवऱ्याला नव्हती. १९८६ मध्ये ती दोघांना मिळाली, हे चांगले झाले. पण मूळ कलमात भारतीयाशी विवाहित असलेल्या 'किंवा राहिलेल्या' स्त्रिया असे शब्द होते. आताच्या कलमात फक्त 'विवाहित असलेली व्यक्ती' राहिली आहे. मधल्या सात वर्षांत नवरा गेला, तर त्या बाईने काय करायचे? म्हणून मी येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला सांगतो की, विवाहनोंदणी होऊन दोन वर्षे झाली की बायकोसाठी परदेशस्थ भारतीय नागरिक, म्हणजे ओसीआय कार्डाचा अर्ज करा. ते मिळाले की व्हिसाची मुदत मोजत बसावे लागत नाही. कोर्टाने विवाह मोडला तर ते रद्द होऊ शकते. मृत्यूचे कारण त्या कलमात लिहिलेले नाही. त्यावर मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. बांगलादेश किंवा पाकिस्तानच्या माणसाला ते मिळतही नाही. आणि हो, बाईचे कागद बाईच्या हाती असू द्या. नवऱ्याच्या कपाटात, त्याच्या किल्लीखाली नकोत. भांडण झाले की पहिला पासपोर्ट लपतो, हे मी पाहिले आहे.

मूलकडच्या सुनेला ते कार्ड मिळाले. आता ती शिकवण्या घेते. नागरिकत्वाचा अर्ज मात्र वेळेवरच जाईल. तिच्या घरी भिंतीवर एक दिनदर्शिका आहे. तिच्यात देशाबाहेर काढलेले दिवस लाल पेन्सिलीने खुणावलेले असतात. मागच्या पोळ्याला गेलो तेव्हा आजी ओसरीवर पणतीला घेऊन बसली होती. तिने विचारले, "वकीलसाहेब, सून मायासंगं मतदानाले कवा येईन?"

म्हटले, अजून दोन वर्षे आणि वर थोडे.

तिने बोटे मोजली. "म्हंजे दोन धान," असे म्हणाली, आणि पोरीला माझ्या मांडीवर देऊन चहा सांगायला आत गेली.