‘कँडिडेट’ म्हणजे कोण?

(युवा शिबिरातील भाषणाचा संपादित भाग)



‘तरुण आणि निवडणूक’ असा विषय मला दिला आहे. त्यासाठी मी फक्त एक शब्द घेऊन आलोय: कँडिडेट. परीक्षेच्या हॉलतिकिटावर तुम्ही कँडिडेट असता, नोकरीच्या मुलाखतीत कँडिडेट असता. निवडणूक आली की गल्लीत एकच प्रश्न असतो, “आपला कँडिडेट कोण?” पण हा शब्द आला कुठून, हे आपण कधी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. विचारायला लावलं ते आमच्या मोहल्ल्यातल्या टेलरचाचांनी.

काही वर्षांपूर्वी मी ग्रामपंचायतीला उभा राहिलो. एका पॅनेलला आमच्या वॉर्डात ‘तुमच्यातला एक’ हवा होता. मी काय काम केलंय, हे कुणी विचारलं नाही. मोहल्ल्यात घरं किती, मतं किती, एवढंच विचारलं. मीही हुरळून गेलो. सगळ्यात आधी काय केलं, तर पांढऱ्या कुर्ता-पायजम्याचं कापड आणलं.

मापं घेता घेता चाचा म्हणाले, “उमेदवार झालास, चांगलं झालं. पण बेटा, उमेदवारी कुठं केलीस?”

मी म्हटलं, “चाचा, अर्ज परवाच भरला की.”

ते हसले. “ती नव्हे रे. मी उस्तादांकडे तीन वर्षं उमेदवारी केली. पहिलं वर्ष नुसती काजं-बटणं. कात्री हातात मिळाली ती तिसऱ्या वर्षी. तू कुणाकडं शिकलास?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. निवडणूक मी हरलो. कुर्ता अजून कपाटात आहे. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही, म्हणून मी हे दोन्ही शब्द शोधत बसलो.

इंग्रजीतला ‘कँडिडेट’ लॅटिनमधल्या ‘कँडिडाटुस’वरून आला. त्याचा अर्थ ‘शुभ्र कपडे घातलेला’. प्राचीन रोममध्ये पदासाठी मतं मागणारा माणूस खडू चोळून आणखी पांढरा केलेला टोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र, घालून चौकात फिरायचा. गर्दीत तो उठून दिसायचा. मूळ धातूचा अर्थ ‘चकाकणं’. त्याच कुळातून ‘कँडल’ आली आणि मनात काही न लपवणारा या अर्थाचा ‘कँडिड’ही आला. मतांसाठी असं फिरण्याला ते ‘अँबिशियो’ म्हणत. आजचं ‘अँबिशन’ तिथलंच. आणि मतं मिळवण्यासाठी पैसे वाटण्याच्या गुन्ह्याचं नाव होतं ‘अँबिटुस’. म्हणजे हा रोगही जुनाच आहे.

रोमन इतिहासकार लिव्ही एक गोष्ट सांगतो. इ.स.पू. 432 मध्ये सामान्य लोकांच्या प्रतिनिधींनी कायदा मांडला की मतं मागताना कुणी कपडे जास्त पांढरे करायचे नाहीत. वरची पदं खानदानी घराण्यांकडेच जात होती आणि त्याचा राग लोकांत साचला होता. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या या कायद्यावरून मोठा झगडा झाला. कायदा मंजूर झाला, पण प्रथा काही संपली नाही. पुढे इ.स.पू. 64 मध्ये सिसेरो कॉन्सलपदासाठी उभा राहिला, तेव्हाही उमेदवाराची खूण पांढरा टोगाच होती.

आता आपला शब्द बघा. ‘उमेद’ फारसी आहे, म्हणजे आशा. ‘उमेदवार’ म्हणजे आशा धरून असलेला. मराठीने त्यात स्वतःची भर घातली. आपल्याकडे उमेद म्हणजे नुसती आशा नव्हे, हिंमत आणि उत्साहही. आणि उमेदवारी म्हणजे नुसतं उभं राहणं नव्हे, तर जाणत्या माणसाच्या हाताखाली कमी पगारात किंवा पगाराविना काम शिकणं. वकील, टेलर, गवंडी, सगळे उमेदवारी करतात. लॅटिन शब्दाने कपडे पाहिले. मराठी शब्द विचारतो, तुझ्यात उमेद आहे का, आणि तू काम शिकलास का?

प्रचारात एक गृहस्थ मला कौतुकाने म्हणाले, “तुम्ही मराठी छान बोलता हो!” मी गावात जन्मलो, मराठी शाळेत शिकलो. काय बोलावं कळेना, नुसता हसलो. आता वाटतं, त्यांना निवडणुकीचेच शब्द मोजून दाखवायला हवे होते. अर्ज, हरकत, रक्कम, जप्त हे अरबीतून आले. अनामत म्हणजे मूळची अमानत. जाहीरनाम्यात ‘जाहीर’ अरबी, ‘नामा’ फारसी. आमदार, खासदार तसेच. आणि सगळ्यात सुंदर शब्द ‘मतदार’. त्यातलं ‘मत’ संस्कृत, ‘दार’ फारसी. ते वेगळे काढायला गेलात तर मतदारच उरत नाही.

पण यावरून छाती फुगवू नका. शब्द अरबी-फारसीतून आले म्हणून भाषेवर आपला जास्त हक्क होत नाही, आणि आपली नावं तशी आहेत म्हणून तो कमीही होत नाही. जो भाषा वापरतो, तिची ती. गावाचंही तसंच आहे. जो गावाचं काम करतो, त्याचं ते.

घटनेने 18 व्या वर्षी मत दिलंय. ग्रामपंचायतीला 21 व्या, विधानसभेला आणि लोकसभेला 25 व्या वर्षी उभं राहता येतं. म्हणजे मतदार झाल्यापासून पंचायतीपर्यंत तीन वर्षं मिळतात, चाचांच्या उमेदवारीइतकीच. ती ग्रामसभेत घालवा. पाणीपट्टी कशी ठरते, रेशन कार्डातलं नाव का कमी होतं, निधी कुठून येतो, हे शिका. आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या चार घरांची कामं करा. नाहीतर कुणीतरी येईल, मतं मोजेल आणि तुम्हाला पांढरा कुर्ता घालून उभं करेल, मला केलं तसं.

आणि मत देताना कपडे बघू नका. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता आणि शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. आता विधानसभेच्या आणि लोकसभेच्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. खडू कितपत चोळलाय, ते तिथे थोडंफार कळतं. तो आपल्या जातीचा, आपल्या धर्माचा असला तरी ते वाचा.

हरल्यानंतर मी ग्रामसभा चुकवली नाही. दर वेळी काहीतरी नवीन कळतं, काही वेळा अपमानही होतो. परवा चाचांनी विचारलं, “पुन्हा उभा राहणार का?”

मी म्हटलं, “बघू. अजून काजं-बटणंच चाललीयत.”